एकाच पक्षिणीचे ठिपके

समुद्रावरून धुकं वर चढू लागलं, तेव्हा सायलस कड्याखाली साठ हातांवर लटकत होता आणि इशाऱ्याची दोरी थर्झाच्या हातात होती. एक झटका आला की खाली सोडा, दोन आले की थांबा, तीन आले की वर ओढा. ती सांगायची, आणि तिचा सासरा नेड आपल्या दोन मुलांसह मागे जाड दोर सांभाळायचा. गेल्या मेपर्यंत या दोराच्या टोकाला तिचा नवरा एनॉक असायचा. पुढच्या महिन्यात ती सायलसशी लग्न करणार होती. चर्चमध्ये तशी घोषणाही झाली होती.

खाली हजारो गिलेमॉट पक्षी कलकलत होते. धुक्यात ते दिसत नव्हते, नुसता आवाज वर येत होता.

गवतातून वाट काढत मिस्टर हार्ग्रीव्ह आले. दर वर्षी शहरातून अंडी विकत घ्यायला येणारा हा गृहस्थ अंड्यांपायी पार खुळावलेला होता.

"काय बाई, आमचं पट्ट्याचं अंडं मिळालं का यंदा?"

"नाही साहेब. ते मिळतं त्या कपारीत सायलस उतरत नाही. एनॉक तिकडे जातानाच पडला."

"अरेरे, मला कुणी कळवलंच नाही," म्हणत ते खाली बसले आणि काय बोलावं ते न सुचून त्यांनी आपली पेटी उघडली. कापसावर नऊ अंडी ओळीने ठेवलेली होती. सगळी हिरवट निळी. प्रत्येकावर तेच बारीक काळे ठिपके, मधोमध पट्ट्यासारखे दाटलेले, आणि टोकाकडे तेच तीन सुटे. नऊ वर्षांची नऊ अंडी, पण एकच अंडं नऊदा ठेवल्यासारखी दिसत होती. गिलेमॉटची मादी दर वर्षी ठरल्या जागी एक अंडं घालते. तिचे ठिपके ती मरेपर्यंत बदलत नाहीत आणि दुसरीच्या अंड्यावर उमटत नाहीत. कड्यावरच्या माणसांना हे सांगावं लागत नाही.

"पूर्वी मी चिठ्ठीवर 'स्पॉट' लिहायचो," हार्ग्रीव्ह म्हणाले. "चुकीचं होतं. स्पॉट मोजता येतात. हे 'स्पेकल', शिंतोडे. हे मोजायचे नसतात, ओळखायचे असतात."

"साहेबांना अंड्यापेक्षा शब्दाचंच कौतुक," नेड मागून म्हणाला.

थर्झाला हसू आलं नाही. एनॉक अंडी आणायचा आणि ती त्यांना भोक पाडून आतलं फुंकून काढायची. यातली आठ तिच्या हाताखालून गेली होती. नवव्याचं भोक ओबडधोबड होतं.

"हे कुणी फुंकलं?"

"मीच. हात बसलेला नाही ना. गेल्या वर्षीचं आहे ते. तारीख लिहिली आहे बघा, अठरा मे."

"आणि दिलं कुणी?"

"सायलसनेच. संध्याकाळी स्टेशनवर आणून दिलं. मी तिथूनच परतलो, गावात आलोच नाही."

अठरा मेला दुपारी एनॉक पडला होता. नेड आणि मुलं जत्रेला गेली होती, वर सायलस एकटाच होता. उतरतानाच दोर तुटला, बिचारा कपारीपर्यंत पोचलाच नाही, असं सांगताना तो लहान मुलासारखा रडला होता. त्यानंतर त्या कपारीत कुणी पाऊल टाकलं नव्हतं.

म्हणजे एनॉक कपारीत पोचला होता. अंडं घेऊन धडधाकट वर आला होता आणि ते त्याने सायलसच्या हातात दिलं होतं. पडला तो त्यानंतर.

वर्षभर सायलसनेच थर्झाची लाकडं फोडून दिली होती, आणि रविवारी तिच्या शेजारी बसून प्रार्थना म्हटली होती. तिला त्याची शिसारी आली. तिने मागे पाहिलं. नेडची नजर पेटीतल्या नवव्या अंड्यावर खिळली होती.

धुकं काठावर आलं. पक्षी एकाएकी गप्प झाले. मग दोरीला झटके बसले. एक, दोन, तीन.

"काय म्हणतोय?" नेडने विचारलं.

"थांबा म्हणतोय, मामंजी."

झटके पुन्हा आले, तीनच, पण जोरात. दोरी तिच्या तळव्याला काचली. खालून हाकेसारखं काहीतरी ऐकू आलं, किंवा तो एखादा पक्षी असेल.

"आता?"

"अजून थांबाच म्हणतोय."

नेडने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने दोराला लोखंडी खुंटीभोवती आणखी दोन वेढे दिले आणि मुलांना खुणेने हात सोडायला सांगितलं. तो खाली बसला आणि खिशातून पाइप काढून सावकाश भरू लागला.

हार्ग्रीव्हनी घड्याळ पाहिलं. "वर यायला वेळ लागेल का त्याला? माझी पाचची गाडी आहे."

"लागेल," नेड म्हणाला. "तुम्ही व्हा पुढे."