दोरीला बांधलेली पेन्सिल

“पडद्याआड गेलीस की दहापर्यंत आकडे मोज आणि बाहेर ये. पेन्सिलीला हात लावू नकोस. म्हातारे, मी सांगतो तेवढं कर.”

ओक्तावने शाळेच्या दारात, सगळ्यांदेखत बायकोला बजावलं. ओनोरीनने मान हलवली. ती त्याच्याहून चार महिन्यांनी मोठी, म्हणून ‘म्हातारी’. गावात लग्न कुणाचंही असो, सफरचंदाची दारू पोटात गेली की ओक्ताव पंगतीत उभा राहून म्हणायचाच, “घरात वडीलधारं माणूस हवं, म्हणून हिला केली!” लोक हसायचे. ओनोरीनही हसायची. दुसरं काय करणार?

१९४५चा मे महिना होता. युद्ध संपून पाच दिवस झाले होते आणि फ्रान्समधल्या बायकांनी आयुष्यातलं पहिलं मत देऊन दोन आठवडे. त्या पहिल्या फेरीत गावच्या पंचायतीच्या सगळ्या जागा लागल्या, एक सोडून. ती नेमकी ओक्तावची. युद्धाआधीपासून तो गावाचा मेयर. पण मतांच्या ढीगभर छापील चिठ्ठ्यांवर त्याचं नाव खोडलेलं निघालं आणि निवडून यायला लागणारी निम्म्याहून जास्त मतं काही भरली नाहीत. आज दुसरी फेरी. जागा एक आणि छापील नावही एकच. ही जागा गेली की मेयरकीही गेली.

“चुकून खोडलं असणार,” तो दोन आठवडे सांगत फिरला होता. “बायकांच्या हाती पेन्सिल दिली की त्या रेघोट्याच ओढणार.”

चुकून नव्हतं, हे त्यालाही कळत असावं. गावचं धुण्याचं टाकं ओढ्याकाठी उघड्यावर होतं. बायका भर जानेवारीत, पावसात, दगडावर गुडघे टेकून तिथे धुणं धूत. टाक्यावर छप्पर घालतो, असं ओक्ताव नऊ वर्षं म्हणत होता. मेयरची बायको झाली तरी ओनोरीनही तिथेच गुडघे टेकायची. जिना चढताना तिचे गुडघे आता कटकट वाजत. घरात विषय काढला की तो म्हणे, पुढच्या वर्षी.

मतदान सुरू झालं. पुरुष पडद्याआड जात आणि लगेच बाहेर येत. बायकांना वेळ लागत होता.

“कागदाला इस्त्री करताय की काय आत?” ओक्तावने हाळी दिली. बाकांवरचे पुरुष खिदळले.

पडद्याआड दोरीला एक पेन्सिल बांधलेली होती. शाळेचे पेरोशाँ गुरुजी पंचायतीचे चिटणीसही होते. त्यांनी सकाळी तिला टोक काढून ठेवलं होतं. अकराला ते पुन्हा काढावं लागलं. तीन वाजता तिसऱ्यांदा. तेव्हा मात्र ओक्ताव हसला नाही. लहान गावात उमेदवारीचा अर्ज वगैरे नसतो. छापील नाव खोडायचं आणि गावातल्या कुणाचंही नाव लिहायचं, मत धरलं जातं. एका वर्षी कुणी चावटपणे पाद्रीबुवांच्या गाढवाचं नाव लिहिलं होतं. तेवढं बाद झालं.

चारच्या सुमारास ओनोरीन आत गेली. “सात, आठ, नऊ, दहा,” असं तिचं मोजणं बाहेर सगळ्यांना ऐकू आलं. ती आली, चिठ्ठीचं पाकीट पेटीत टाकलं आणि मागच्या बाकावर ब्लांडीनशेजारी जाऊन बसली. ब्लांडीन विधवा होती, टाक्यावर तिची जागा ओनोरीनच्या शेजारची. तिने ओनोरीनचा हात दाबला. का, ते ओनोरीनला कळलं नाही.

सहाला पेटी उघडली. गुरुजी एकेक चिठ्ठी वाचू लागले.

“ओक्ताव. ओक्ताव. ओक्ताव.” मग ते थांबले. चष्मा पुसला. “ओनोरीन.”

पुढची चिठ्ठी, “ओनोरीन.” त्याच्या पुढचीही.

ओक्तावचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. शेवटची चिठ्ठी वाचून झाली तेव्हा फळ्यावर दोन्हीकडे अठ्ठावन्न मतं होती.

“हे तुझे उद्योग?” तो बायकोवर खेकसला.

“मला काही माहीत नाही हो,” ओनोरीन म्हणाली. “तुम्ही सांगितलं तसं दहापर्यंत मोजलं. माझं मत तुम्हालाच आहे.”

ते सगळ्यांनी ऐकलंच होतं. त्या एका मताने त्याला बरोबरीवर आणलं होतं. ओक्तावने सुस्कारा सोडला आणि कोटाची बटणं लावली. “सारखी मतं पडली, म्हणजे आहे तोच मेयर राहणार. काय गुरुजी?”

गुरुजी कायद्याचं पुस्तक चाळत होते. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

“मतं सारखी पडली, तर दोघांत जो वयाने मोठा, तो निवडून आला, असं कलम आहे. दोघांचे जन्माचे दाखले काढावे लागतील.”

“दाखले कशाला?” ब्लांडीन मागून म्हणाली. “दर लग्नात ऐकतोय की आम्ही!”

सगळी शाळा हसली. या वेळी ओनोरीन हसली नाही. ती उठली, तसे तिचे गुडघे वाजले. टेबलाशी येऊन तिने फळ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“उद्या सकाळी सुताराला बोलावून घ्या,” ती म्हणाली. “आणि मी सांगते तेवढं करा.”