फोल्कमारच्या कीबोर्डची वायर

"हा कीबोर्ड खरंच जोडू?" वायरचं टोक हातात धरून मंचावरची जुनी मदतनीस आल्मुट हिने विचारलं.

"जोड," हागेन म्हणाला. "आवाजाचं बटण माझ्याकडे राहू दे."

फोल्कमारच्या कीबोर्डला मंचावर कधी वायर लागलीच नव्हती. सगळं संगीत आधीच रेकॉर्ड केलेलं असे. हागेन मागे बसून ते सोडायचा. फोल्कमार पुढे उभा राहून मुक्या पट्ट्यांवर बोटं नाचवायचा, हात उंचावायचा आणि मैदान वेडं व्हायचं. त्यांच्या धंद्यात याला कुणी लबाडी म्हणत नसे.

पण मागच्या आठवड्यात तो टीव्हीवर म्हणाला होता, "आमची ती गाजलेली चाल माझीच. हागेन बिचारा वायरी सांभाळायचा."

आल्मुटने ते ऐकलं होतं. ऑफेनबाख शहरातल्या घराच्या तळघरात, आपल्या आईच्या वाळत घातलेल्या चादरींखाली बसून हागेनने ती चाल शोधली, तेव्हा ती शेजारीच होती. त्या चादरींचा साबणाचा वास तिला अजून आठवत होता. फोल्कमार तेव्हा बिअर आणायला गेला होता.

हागेन-फोल्कमार जोडीचा हा शेवटचा कार्यक्रम. कासेल शहराजवळच्या जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर ऊन अजून रेंगाळत होतं, माणसं लांबवर पसरली होती. फोल्कमार सॉसेज संपवत, बोटं पुसत आला.

"काय म्हाताऱ्या, झोप झाली का?"

"झाली," हागेन म्हणाला. "जरा जास्तच झाली."

शेवटी ती चाल आली. मध्यावर ढोल थांबतात आणि नुसती चाल उरते, ती जागा जवळ आली. फोल्कमारने डोळे मिटले, बोटं पट्ट्यांवर ठेवली. हागेनने रेकॉर्डिंग बंद केलं आणि फोल्कमारच्या कीबोर्डचा आवाज पूर्ण उघडला.

मैदानभर बेसूर कल्लोळ उठला. फोल्कमारने चटका बसल्यासारखे हात मागे घेतले. मग इतकं शांत झालं की झेंड्यांची फडफड ऐकू आली.

"हागेन, सोड ना," तो ओठ न हलवता म्हणाला. "लोक बघतायत."

"वाजव की. तुझीच चाल आहे."

"मस्करी पुरे. मला नाही येत, तुला माहितेय."

"मला माहितेय रे. त्यांना कुठे माहितेय?"

हागेन आपली जागा सोडून पुढे आला. त्याने फोल्कमारच्या उजव्या हाताचं एक बोट धरलं आणि पहिल्यांदा शाळेत आलेल्या पोराला शिकवावं तसं एका पट्टीवर टेकवलं.

"इथून सुरू होते," तो हळूच म्हणाला.

मंचामागच्या भल्यामोठ्या पडद्यावर आता फक्त ते बोट दिसत होतं. एक सूर वाजला. मग ते बोट तिथेच थांबलं, पुढची पट्टी कुणी दाखवेल म्हणून.