सरांची सही

पीएचडीनंतरची तीन वर्षं खपून तिने अतिथंड सूक्ष्मदर्शकाचं तांब्याचं डोकं घडवलं आणि तळहाताच्या फोडासारखं जपलं. नुसता बोटाचा तेलकटपणा लागला, तरी आतली निर्वात पोकळी नासते आणि अणूंच्या जागी चिखल दिसतो. म्हणून ती हातमोज्यांशिवाय त्याला कधी शिवली नव्हती. आज प्रयोगशाळा बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर तिच्या प्रमुख सरांनी वेफर्सचं पाकीट संपवलं, अंगठा चोखला, ढेकर दिला आणि उघड्या हाताने ते डोकं उचललं. “सर, हातमोजे!” ती ओरडली. “अगं, माझंच बाळ आहे,” म्हणत त्यांनी ते कुरवाळलं. तिला शिसारी आली. “यावर माझ्या नावाची ठसठशीत पाटी लाव,” सरांनी फर्मावलं. तिने ते हिसकावून उजेडात धरलं. चकचकीत तांब्यावर मिठाच्या कणासकट तेलकट ठसा उमटला होता. “पाटी कशाला, सर?” पाहुण्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, “तुम्ही अंगठा उठवलाय की!”