बिनखटक्याचा चाकू

प्रफुल्लनं पार्सलच्या पट्टीला दात लावले तसा उकंडाचा हात बंडीच्या खिशात गेला.

खोकं मोठं होतं आणि चिकटपट्टी चिवट होती. प्रफुल्ल फरशीवर मांडी घालून बसला होता. कानात मोबाइलची बोंडं. दातांनी जमेना म्हणून त्यानं गाडीची किल्ली घेतली. उकंडा खुर्चीत पुढे सरकून बसला. आता मागेल, त्याला वाटलं. प्रफुल्लनं नखं लावली.

“चाकू देऊ का रे?” उकंडानं विचारलं.

पोराच्या कानात गाणं चालू होतं. त्याला ऐकू गेलं नाही.

चाकू साधाच होता, घडीचा. लाकडी मूठ, बोटभर पातं. खटका नाही, त्यामुळे उघडलं तरी पातं अडकून राहत नाही. उलटा जोर पडला की मिटतं, आणि मिटताना मधे कोणाचं बोट आहे ते बघत नाही. मारेगावजवळच्या उकंडाच्या गावात हे सगळ्यांना माहीत होतं, तरी सगळे तोच मागायचे. पोत्याची सुतळी कापायची आहे, मोटारीची वायर सोलायची आहे, “उकंडा, चाकू दे गा.” चाकू मागायला आलेला माणूस लगेच जात नाही. काम करता करता बोलतो. काम झाल्यावर बसतो, तंबाखू मळतो, घरचं सांगतो. उकंडाला तेव्हा वाटायचं, लोकांची सोय व्हावी म्हणून आपण चाकू बाळगतो. बायको गेली, पोरगा प्रफुल्ल त्याला वणीला आपल्या क्वार्टरवर घेऊन आला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की सोय त्याची स्वतःची होत होती.

इथं कोणी काही मागत नव्हतं. सून ममता पेरूसुद्धा कापून, मीठ लावून, बशीत आणून ठेवायची. वेगळी खोली होती, पंखा होता, औषधं संपायच्या आत येत होती. प्रफुल्ल वाईट पोरगा नव्हता, हे सांगायलाच हवं. कोळसा खाणीतली पाळी करून यायचा, जेवायचा, मोबाइल घेऊन आडवा व्हायचा. “बाबा जेवले का?” हे रोज न चुकता विचारायचा. पण विचारायचा ममताला, आणि बाबा तिथंच समोर बसलेले असायचे.

मागे पेन्शनच्या कामाला यवतमाळला जावं लागलं. कचेरीच्या दारात पहारेकऱ्यानं खिसे चाचपले, चाकू निघाला.

“बाबा, हा कायले ठेवता खिशात?”

“पेरू कापाले.”

पहारेकरी हसला. त्यानं चाकू उघडून पाहिला, मिटून पाहिला, कुठून घेतला ते विचारलं, आपल्या बापाकडेही असाच होता म्हणाला. काम आटोपेपर्यंत त्यानं तो टेबलावर ठेवून घेतला आणि जाताना परत दिला. उकंडा घरी आला तो खुशीत. ममताला वाटलं, पेन्शनचं काम झालं. ते झालं नव्हतं. पण त्या महिन्यात त्याच्याशी इतकं कोणी बोललं नव्हतं.

शेजारच्या क्वार्टरमध्ये बबनराव राहायचे. त्यांचं आणि त्यांच्या पोराचं पाण्याच्या मोटारीवरून, टीव्हीच्या आवाजावरून, कशावरूनही वाजायचं. बाप पोराचा उद्धार करायचा, पोरगा बापाचं वय काढायचा. थोड्या वेळानं दोघंही एकाच ताटलीतले भजे खात बाहेर यायचे. हे सुरू झालं की उकंडा आपली खुर्ची भिंतीजवळ ओढायचा.

“उकंडाभाऊ, नशीब काढलं तुमी,” बबनराव एकदा म्हणाले. “तुमच्या घरातून कधी वरचा आवाज नाही आला.”

उकंडानं मान डोलावली. वरचा काय, खालचाही येत नव्हता. त्याला फार काही नको होतं. पोरानं आपल्याशी बोलावं, एवढंच हवं होतं. आणि उद्यापासून प्रफुल्लची पाळी बदलणार होती. मग तर बाप जागा असताना पोरगा झोपलेला आणि पोरगा जागा असताना बाप. जे काही व्हायचं ते आजच्या सुट्टीत.

प्रफुल्लनं खोकं उलटं केलं आणि दुसऱ्या बाजूनं ओढून पाहिलं. पट्टी हलली नाही. त्यानं आतल्या दिशेला हाक मारली, “ममता, कैची आन वं!” ममता मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. ओ आली नाही.

उकंडा उठला. गुडघा कुरकुरला, तिकडे त्यानं लक्ष दिलं नाही. चाकू उघडला. पातं आपल्याकडे घेतलं, मूठ पोराकडे केली आणि अगदी त्याच्या नाकासमोर धरली.

प्रफुल्लनं वर पाहिलं. हात पुढे केला आणि मधेच आखडून घेतला. मग कानातली दोन्ही बोंडं काढली.

“बाबा, खाली ठेवा,” तो म्हणाला. “मी उचलतो. चाकू हातात देल्ला का भांडन होते म्हंतेत.”

उकंडानं जन्मभर असलं काही मानलं नव्हतं. मानणाऱ्यांना तो हसत आला होता. आज हसला नाही. चाकूही खाली ठेवला नाही. मूठ तशीच पोरासमोर धरून राहिला.

“म्हूनच तं हातात देऊन राह्यलो,” तो म्हणाला. “भांडाले का होईना, बोलशीन तरी मायासंगं.”