नवाराच्या तीन गाद्या

"वाळू टाका रे, वाळू! माझ्या तोंडाकडे काय बघताय!"

शलबी ओरडला तोवर अर्ध्या टाकीचं डिझेल वीटभट्टीच्या अंगणातून कालव्याकडे निघालंही होतं. नळीचा सांधा फुटला होता. टाकीभोवती मातीचा बांध होता म्हणा; पण हातगाडीला वळसा नको म्हणून मजुरांनी त्याला मधोमध खिंड पाडली होती, आणि टाकी-यंत्रांचा राखणदार असून शलबी रोज त्याच खिंडीतून चहा मागवायचा. डिझेलनंही तीच वाट धरली. माणसांनी वाळू ओतली, फुटक्या विटा रचल्या. अंगणातलं थांबलं. कालव्यात उतरलेलं मात्र सात रंग नेसून असं ऐटीत चाललं, की बदकांनी काठावर चढून त्याला वाट दिली.

कालवा खालच्या गावाला जात होता. अख्खं गाव तेच पाणी पिई. पाण्याचा पंप बंद करा म्हणून तिकडे फोन गेला. पण तवंग एकदा तिथल्या गाळात मुरला, की महिनाभर चहालाही डिझेलचाच वास. आणि त्याच गावात शलबीची लेक नवारा गुरुवारी सून म्हणून जायची होती.

भट्टीवरच्या चिंध्या पाण्यात टाकून पाहिल्या. पाणी पिऊन त्या सरळ तळाला गेल्या.

शलबी घराकडे पळाला. घर कालव्याकाठीच, प्रवाहाच्या खालच्या अंगाला. दारात पिंजारी उस्ता बसयूनी धुनकी टणकारत होता, बायका टाळ्या पिटून गात होत्या, आणि कापूस छपराला टेकेल इतका फुगला होता. तीन गाद्या, नव्याकोऱ्या कापसाच्या. विहीणबाईंची अट होती ती. साखरपुड्यात या हाज्जा इन्साफनं चारचौघांत बजावलं होतं, "जुना कापूस निघाला, तर पोरीला त्याच गादीवर बसवून परत पाठवीन." ही बाई बोलू लागली की गाढवंसुद्धा ओरडायची थांबत.

कोरा कापूस पाण्याला शिवत नाही, तेल मात्र पोटभर पितो. यंत्रं पुसण्यात शलबीचा जन्म गेला होता, त्याला हे ठाऊक होतं. पण ढिगासमोर येऊन तो नुसता कापसाकडे बघत उभा राहिला.

नवाराला त्याच्या कपड्यांचा वास आला.

"बाबा, कालव्यात गेलं?"

"गेलं."

"मग उभे काय राहिलात? सासरी माझ्याआधी डिझेल पाठवू होय?" म्हणत तिनं कवळभर कापूस उचलला.

बायका गाणं न थांबवता कंबरभर पाण्यात उतरल्या. वळणावर मासेमारीचं जाळं आडवं बांधलं, त्याच्या अलीकडे कापूस पसरला. तो तरंगला, पिवळा पडला, जड झाला. पिऊन टम्म झालेला गोळा बाहेर काढायचा, कोरा आत टाकायचा. "तीस वर्षं पिंजतोय," उस्ता बसयूनी कपाळावर हात मारून म्हणाला, "कालव्याची गादी आज पहिल्यांदाच भरतोय!"

दुपार कलली तेव्हा जाळ्यापलीकडचं पाणी स्वच्छ वाहत होतं. अलीकडे ताटाएवढे चार-दोन डाग उरले होते. कापूस मात्र बोटभरही उरला नव्हता. इतक्यात काठानं गाढवाची गाडी आली. गाडीत उशीएवढी जागा सोडून बाकी सगळी एक जंगी गादी, आणि त्या जागेत हाज्जा इन्साफ.

शलबी पुढे धावला. मोडलं लग्न.

"हाज्जा, त्या गाद्या..."

"डोळे आहेत मला, व्याहीबुवा. बाजूला व्हा. फोन ऐकला तशी निघाले." तिनं गादीवर थाप मारली. "ही माझ्या बापानं मला लग्नात दिली. अस्सल कोरा कापूस! तुमचा कालवा एका घोटात पिऊन टाकील."

तिनं सुरीनं खोळ टरकावली आणि आतला गड्डा पाण्यात लोटला.

गुडुप.

मागाहून कुठल्याशा जुन्या सदऱ्याची एक बाही वर आली, निरोप घेतल्यासारखी हलली आणि तीही बुडाली.

काठावर हसायची कुणाची छाती झाली नाही. हाज्जानं रिकामी खोळ गुंडाळून गाडीत टाकली.

"चाळीस वर्षं चिंध्यांवर निजले मी," ती म्हणाली, "आणि संसार झालाच की! गुरुवारी नुसती पोर पाठवा."