फॉलचे पैसे

पोस्टाच्या खिडकीशी उभं राहून मुकुंदरावांनी पीपीएफच्या स्लिपवर पाचशे रुपये लिहिले आणि पाचशेची एक नोट काढली. खातं चालू राहायला वर्षाला तेवढे पुरतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. डेअरीच्या नोकरीला पेन्शन नव्हती, म्हणून पगार झाला की ते शैलजाच्या हातात चार हजार ठेवत आणि ती भरून येई. पण ते दोघांच्या म्हातारपणासाठी होतं. तिला जाऊन आता पाच महिने झाले होते. एकट्याला असं किती लागणार?

"एवढेच?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं. "वहिनी तर महिन्याला साडेचार हजार भरायच्या."

"चार. मीच द्यायचो की."

बाईंनी पासबुक त्यांच्याकडे फिरवलं. मुकुंदरावांनी ते आजवर उघडलंच नव्हतं. चष्मा लावून ते एकेक पान मागे उलटत गेले. नऊ वर्षं, दर महिन्याला साडेचार हजार.

शैलजा शेजारणींच्या साड्यांना फॉल लावायची. "त्या पैशांचं करतेस तरी काय?" असं ते चिडवायचे, तेव्हा ती म्हणायची, "भिशीत टाकते. लागली की सांगेन."

मुकुंदरावांनी दुसरी स्लिप मागून घेतली आणि सावकाश साडेचार हजार लिहिले. पाकिटातून चार हजार मोजून दिले. मग मघाचीच पाचशेची नोट त्या नोटांशेजारी वेगळी ठेवली.

"ही तिची," ते म्हणाले.

"त्यांच्या दहा-वीसच्या असायच्या," बाई म्हणाल्या आणि त्यांनी शिक्का मारला.