शेवटच्या बाकापर्यंत

तुरुंगातून सुटलेला ड्रायव्हर चर्चच्या शेवटच्या बाकावर अंग चोरून बसला होता. त्याने दारू पिऊन चालवलेल्या गाडीखाली शिंपीणबाईंचा मुलगा गेला होता. आज प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या बलिदानाची आठवण म्हणून सगळ्यांनी घ्यायच्या द्राक्षरसाच्या छोट्या पेल्यांचा ट्रे घेऊन त्याच बाई एकेक बाक करत त्याच्याकडे येत होत्या.  उठून पळावं म्हणून तो कडेला सरकला, तोच बाई समोर थांबल्या. "मला नको," तो पुटपुटला. "माझी लायकी नाही." "माझी तरी कुठे आहे? तू तुरुंगातच मरावास म्हणून रोज गुडघे टेकत होते मी." त्यांनी ट्रे पुढे केला. "आता धर लवकर. हात कापतोय माझा, सगळं सांडेल." त्याने घाईघाईने दोन्ही हातांनी ट्रे धरला.  मग बाईंनी एक पेला उचलला आणि तापातल्या लेकराला औषध पाजावं तसा त्याच्या ओठांना लावला. "हळू घे."